विज्ञानाच्या तासासाठी ऑनलाइन साहित्य: शोध कुठून सुरू करायचा?

सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. वर्गात एकच प्रोजेक्टर, इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. विद्युत परिपथ या घटकासाठी साहित्य शोधण्यात त्यांच्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी एक सुंदर व्हिडिओ सापडला. मुलांना तो फार आवडला, पण नंतर प्रश्न विचारले तेव्हा उत्तरं आधीसारखीच आली. आता हाच घटक दुसऱ्या तुकडीला शिकवायचा आहे. चांगलं साहित्य कुठे मिळतं आणि ते चांगलं आहे हे ओळखायचं कसं, असं त्या विचारतात.

मॅडम, मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय, आणि त्यातली शेवटची काही वर्षं शिक्षकांबरोबर बसून असंच साहित्य धुंडाळण्यात गेली आहेत. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग म्हणजे व्हिडिओ आवडला, पण उत्तरं बदलली नाहीत. हे बहुतेक जण बोलून दाखवत नाहीत. वर्ग शांत बसला, मुलं रमली, म्हणजे तास चांगला झाला असं आपण धरून चालतो.

असं का होतं यावर नीट अभ्यास झालेला आहे. ‘व्हेरिटासियम’ हा विज्ञानाचा यूट्यूब चॅनेल चालवणारे डेरेक म्युलर यांनी २००८ साली सिडनी विद्यापीठात पीएच.डी. केली, ती याच विषयावर. त्यांनी विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्रातल्या एकाच मुद्द्यावरचे वेगवेगळ्या प्रकारचे व्हिडिओ दाखवले. एका प्रकारात फक्त बरोबर माहिती होती, सरळ आणि स्वच्छ मांडलेली. दुसऱ्यात आधी मुलांच्या डोक्यात असणारी चुकीची कल्पना बोलून दाखवली होती आणि मग ती कुठे अडते ते उलगडलं होतं. पहिला व्हिडिओ मुलांना सोपा आणि स्पष्ट वाटला, पण चाचणीत फारसा फरक पडला नाही. उलट आपल्याला येतंय हा विश्वास मात्र वाढला. दुसरा पाहताना डोक्याला ताण पडला, काहींना तो गोंधळात टाकणारा वाटला, आणि शिकणं झालं ते त्याच व्हिडिओतून. स्वच्छ माहिती कानावर पडली की मूल त्यातलं आपल्या समजुतीशी जुळेल तेवढं उचलतं. बाकीचं ऐकूनही ऐकलं जात नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की शोध घटकाच्या नावापासून सुरू करू नका, मुलं जिथे अडतात तिथून सुरू करा. संगणकासमोर बसण्याआधी मुलांच्या वह्या समोर घ्या.

तुमच्याच घटकाचं बघू. शिकवायच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं काढा. कोरा कागद द्या आणि सांगा: एक सेल, एक बल्ब आणि हव्या तेवढ्या तारा आहेत. बल्ब पेटेल अशी जोडणी काढा आणि वीज कुठून कुठे जाते ते बाणांनी दाखवा. गुण नाहीत, नाव लिहायची गरज नाही. कागद गोळा केलेत की बहुधा तीन प्रकारची चित्रं हाती येतील. काही मुलं सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत एकच तार काढतात, नळातून पाणी यावं तशी. काही दोन तारा काढतात, पण दोन्हीकडचे बाण बल्बकडे रोखलेले असतात. जणू दोन्ही टोकांकडून काहीतरी येतं, बल्बात एकमेकांवर आदळतं आणि त्यातून उजेड पडतो. तिसरा गट सर्वांत हुशार मुलांचा असतो. त्यांचा परिपथ पूर्ण असतो, बाणही एकाच दिशेने फिरतात, पण परतीचा बाण बारीक काढलेला असतो, कारण थोडी वीज बल्बने ‘खाल्ली’. तो बारीक बाण नीट पाहा. तुमच्या व्हिडिओने त्याला हातही लावला नसणार.

आता शोधायला बसा. ‘विद्युत परिपथ’ असं टाकलंत तर पाठ्यपुस्तकात आहे तेच हजार रूपांत समोर येईल. त्याऐवजी मुलाचा गैरसमजच शोधपट्टीत टाका: बल्बमध्ये करंट संपतो का, बल्बच्या आधी आणि नंतर करंट सारखा का असतो. इंग्रजीत शोधत असाल तर घटकाच्या नावापुढे ‘मिसकन्सेप्शन्स’ हा शब्द जोडा. एवढ्या एका शब्दाने निकालांचा नूर पालटतो. जाहिरातवजा व्हिडिओ मागे पडतात आणि शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिलेलं पुढे येतं. मराठी संज्ञेला इंग्रजीत नेमकं काय म्हणतात हे अडलं तर मराठी विकिपीडियावरचा लेख उघडा आणि भाषांच्या यादीतून त्याचा इंग्रजी लेख उघडा. त्याचं शीर्षक म्हणजे तुमचा शोधशब्द. शब्दकोशात बघण्यापेक्षा ही वाट भरवशाची आहे, कारण शब्दकोश चार पर्याय देतो आणि त्यातला विज्ञानातला कोणता ते सांगत नाही.

अशा शोधातून या घटकासाठी तुम्ही जवळपास नक्की पोहोचाल ते ‘फेट’ या सिम्युलेशनच्या संग्रहाशी. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हे काम सुरू केलं. सगळं मोफत आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, आणि मोबाइलच्या ब्राउझरवरही चालतात. त्यातला परिपथ जोडण्याचा संच उघडा. सेल, बल्ब, तारा ओढून जोडायच्या. जोडणी पूर्ण झाली की तारेत निळे ठिपके सरकू लागतात. हे इलेक्ट्रॉन.

इथे थांबा. लगेच काही समजावून सांगू नका. मी काय करतो ते सांगतो. बल्बच्या अलीकडे एक करंट मोजणारा अ‍ॅमीटर जोडतो. आकडा येतो ०.९०. मग दुसरा अ‍ॅमीटर बल्बच्या पलीकडे ठेवायला घेतो, आणि जोडण्याआधी प्रत्येकाला वहीत आकडा लिहायला लावतो. ०.९० पेक्षा कमी, तेवढाच की जास्त? हात वर करायला सांगत नाही, कारण मग मुलं शेजाऱ्याचा हात बघतात. बहुतेक वह्यांत ‘कमी’ असतं. मग जोडतो. ०.९०. वर्गात जी कुजबुज होते ती मला कोणत्याही टाळ्यांपेक्षा प्रिय आहे. कोणीतरी हमखास म्हणतं, मीटर बिघडलाय. छान, मग त्याच वाटेवर पुढे दुसरा बल्ब जोडून बघू. आता आकडा होतो ०.४५, पण तिन्ही जागी ०.४५: पहिल्या बल्बाआधी, दोघांच्या मध्ये आणि शेवटी. म्हणजे करंट वाटेत संपत नाही, अडथळा वाढला की सगळ्या वाटेवरच तो कमी होतो. मग बल्ब नेमकं घेतो तरी काय, हा प्रश्न आता मुलंच विचारतात. ऊर्जा हा शब्द तेव्हा उच्चारायचा, त्याआधी नाही.

हे खरे सेल, बल्ब घेऊन का करू नये? करावंच. पण खऱ्या संचात सैल जोडणी, उतरलेला सेल, गंजलेली टोकं यांमुळे दोन मीटरचे आकडे किंचित वेगळे येतात, आणि मुलाच्या डोक्यातली ‘थोडी वीज खाल्ली’ ही कल्पना नेमकी त्या किंचित फरकाला लटकून राहते. कोलोरॅडो विद्यापीठातल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी संकल्पनांच्या प्रश्नांत खऱ्या उपकरणांवर शिकलेल्यांपेक्षा सरस कामगिरी केली. एवढंच नाही, खरा परिपथ जोडायला सांगितल्यावरही ते सरस ठरले. मला हे वाचून आधी खटकलं होतं. माझा आजचा क्रम असा आहे: कागदावरचं चित्र, मग सिम्युलेशन, मग लगेच पुढच्या तासाला हातात सेल आणि तार. सिम्युलेशनवर थांबलो तर मुलांना विज्ञान पडद्यावरच घडतं असं वाटू लागतं. आणि सिम्युलेशन कुठे सोपं करून सांगतं तेही मुलांशी बोलायला हवं. इलेक्ट्रॉन असे गोट्यांसारखे दिसत नाहीत, आणि खरा सेल वापरता वापरता उतरतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, साहित्य बरोबर आहे हे ओळखायचं कसं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही चूक मी स्वतः बरीच वर्षं केली. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. या प्रयोगाचे असंख्य व्हिडिओ आहेत आणि त्यांतले पुष्कळ सांगतात की ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. ऐकायला किती चपखल! मी हे असंच शिकवलं. मग एका मुलीने विचारलं, मेणबत्ती जळत असताना पाणी हळूहळू का चढत नाही, विझल्यावरच एकदम का चढतं? मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन पुन्हा करून पाहिलं. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर येतात, म्हणजे तापलेली हवा फुगून बाहेर पडते. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी बरंच जास्त चढतं. ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, मग जास्त का? शिवाय ज्योत विझते तेव्हा आतला सगळा ऑक्सिजन संपलेलाही नसतो, आणि जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतोच.

त्या मुलीने माझी सवय बदलली. तेव्हापासून कोणताही व्हिडिओ दाखवण्याआधी मी तो आवाज बंद करून एकदा बघतो. आवाज नसला की जे दिसतं तेवढंच दिसतं. पाणी कधी चढलं, बुडबुडे कुठून आले हे दिसतं. मग आवाज लावतो आणि बघतो, सांगणारा जे सांगतोय ते चित्राशी जुळतंय का. न जुळणारा व्हिडिओ फेकून देऊ नका, तो वर्गात फार कामाचा असतो.

चित्रांच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवा. ऋतूंसाठी ‘पृथ्वीची कक्षा’ शोधलंत तर लांबुळकी, अंड्यासारखी कक्षा दाखवणारी चित्रं रांगेने येतात. खरी कक्षा जवळपास वर्तुळच आहे. सूर्यापासूनचं अंतर जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे १४.७ कोटी किलोमीटर आणि जुलैत १५.२ कोटी. ते लांबुळकं चित्र पाहिलेलं मूल पुढे कायम म्हणतं की सूर्य जवळ आला की उन्हाळा, आणि आसाचा कल कितीही वेळा सांगितला तरी ते हटत नाही. अशुद्ध रक्त निळं, इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरणारे, चंद्र पृथ्वीच्या अगदी खेटून, ही सगळी याच जातीची चित्रं. चंद्राचं खरं अंतर सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या तीस व्यासांएवढं. एक चेंडू आणि दोरी घेऊन हे वर्गात मोजून दाखवा, कोणतंही चित्र त्याची बरोबरी करणार नाही.

साहित्य कुठे मिळतं याची लांबलचक यादी मी देणार नाही. शंभर दुव्यांची यादी माझ्याकडेही होती आणि मी त्यातले फार थोडे दुवे कधी उघडले. चार-पाच ठिकाणं आतून-बाहेरून ओळखीची करा. फेट सांगितलंच. हाताने करायच्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ. टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली खेळणी, त्यांचे छोटे व्हिडिओ आणि मोफत पुस्तकं, मराठीतलीही बरीच. आकाशासाठी ‘स्टेलॅरियम’ हा मोफत संगणक-प्रोग्रॅम. आज रात्री कोणता तारा कुठे असेल ते तो दाखवतो, आणि तारीख मागेपुढे करता येते. एवढं पुरे आहे, पण दोन गोष्टींविषयी जरा सांगतो, कारण विज्ञानाच्या तासाला इंटरनेटचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

पहिली म्हणजे खरी निरीक्षणं. नासाची ‘सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी’ २०१० पासून सूर्याची छायाचित्रं घेते आहे आणि ती कोणालाही पाहता येतात. सलग आठ दिवसांची, एकाच वेळेची आठ चित्रं उतरवून घ्या, छापा, मुलांना एक सौरडाग निवडायला सांगा आणि पारदर्शक कागदावर त्याची रोजची जागा गिरवायला लावा. डाग एका कडेकडून दुसरीकडे सरकताना दिसतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे मूल वाचत नाही, शोधून काढतं. पृथ्वीवरून पाहता ही फेरी सुमारे २७ दिवसांची भरते. मुलांची उत्तरं २४ ते ३० च्या मध्ये येतात आणि ती तशी का आली यावर जो वाद होतो, तो तास वाया जात नाही.

दुसरी म्हणजे खिशातला फोन. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अ‍ॅप आणलं. फोनमधले संवेदक मोजमापासाठी वापरायला देणारं. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवा. एक मूल पहिल्या फोनजवळ उभं राहून टाळी वाजवतं आणि दोन्ही घड्याळं सुरू होतात, दुसरं किंचित उशिरा. मग दुसऱ्या फोनजवळचं मूल टाळी वाजवतं, घड्याळं थांबतात, या वेळी पहिलं किंचित उशिरा. दोन वेळांतला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जायला लागलेला वेळ, साधारण ०.०२९ सेकंद. दहाला त्याने भागा, सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास उत्तर येतं. बाकीच्यांना मात्र अगदी गप्प राहावं लागतं, आणि गंमत म्हणजे मुलं राहतात, कारण आता तो त्यांचा आकडा असतो. हे अ‍ॅप एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही.

इंटरनेटवरून आठवलं. तुमच्यासारख्या परिस्थितीत थेट वर्गात काही उघडायचं नाही, असा नियमच करा. फेटची सिम्युलेशन्स उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येतात. ‘किविक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून विकिपीडियासुद्धा पूर्णपणे ऑफलाइन ठेवता येतो. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरची गोष्ट तिथे कायम राहील हे गृहीत धरू नका. ‘फ्लॅश’वर चालणारी असंख्य सुंदर शैक्षणिक अ‍ॅनिमेशन्स २०२० संपताना त्या तंत्राचा आधार बंद झाल्यावर एका फटक्यात मुकी झाली. वर्षानुवर्षं जमवलेला माझा पेशींच्या विभाजनाचा संग्रह त्यात गेला.

उतरवून घेताना परवाना बघायचा. साहित्यावर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ची खूण असेल तर ते वापरायची परवानगी आधीच दिलेली असते, फक्त अटी वाचा. निर्मात्याचं नाव द्यायचं ही अट जवळपास सगळीकडे असते. काही ठिकाणी धंद्यासाठी वापरायला मनाई असते, काही ठिकाणी बदल करायला. ही शेवटची अट आपल्यासाठी महत्त्वाची आहे, कारण बदल करता येत नसेल तर भाषांतरही वाटता येत नाही. चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्सवर थेट शोधलंत तर ही कटकट बरीच कमी होते. मुलांसमोर चित्राखाली निर्मात्याचं नाव लिहा, ती सवय त्यांना लागलेली बरी.

चॅटबॉटविषयी आजकाल सगळे विचारतात. मी त्यांच्याकडून माहिती घेत नाही, प्रश्न घेतो. ‘करंट बल्बमध्ये संपतो असं समजणारा मुलगा या चित्राला काय उत्तर देईल’ असं विचारलं तर चांगले पर्याय सुचतात आणि त्यातून प्रश्नपत्रिका सुधारते. प्रयोगाचं स्पष्टीकरण मागितलं तर मात्र मेणबत्तीची जुनी गोष्ट अतिशय सफाईदार भाषेत परत येऊ शकते.

आणि तुमचा तो सुंदर व्हिडिओ. तो ठेवा. दुसऱ्या तुकडीला आधी कागदावर चित्रं काढू द्या, मग दोन अ‍ॅमीटर, मग हातात सेल आणि तार. तिसऱ्या तासाच्या शेवटी व्हिडिओ लावा, आवाज बंद करून, आणि मुलांना सांगा की याचं निवेदन आता तुम्ही करायचं. बल्बच्या पलीकडच्या तारेपाशी आलात की पॉज करा आणि बघा, ती तिथे काय बोलतात.